रुग्णालयातील गोंधळलेले मन

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वडील अचानक मुलाला ओळखेनासे होतात, सलाइनची नळी उपटू पाहतात, भिंतीवर माणसे दिसतात म्हणतात. घरची माणसे हादरतात. वैद्यकशास्त्र या अवस्थेला ‘डिलिरियम’ म्हणते. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने वाढत जातो; डिलिरियम काही तासांत वा दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात कमी-अधिक होत राहतो.

ही आजारी शरीराने दिलेली सूचना असते. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, वेदना, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, नेहमीचे मद्यपान एकाएकी थांबणे अशी अनेक कारणे संभवतात. कारण शोधून दूर करणे हाच मुख्य उपचार होय. म्हणून बदल जाणवताच परिचारिकेस सांगावे, ‘हे एरवी असे नसतात; कालपासून फरक पडला आहे.’ घरी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी. एकाएकी निपचित पडून राहणारा, सतत पेंगणारा रुग्ण शांत झोपला आहे असे मानू नये. डिलिरियमचा हा प्रकार सहज नजरेतून सुटतो.

शुश्रूषेचे सामर्थ्य येथे मोठे आहे. अमेरिकेत शेरन इनोये व सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यापुढील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. झोप, हालचाल, पाणी, दृष्टी, श्रवण आणि स्थळकाळाचे भान यांची काळजी घेतलेल्या गटात डिलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात १५ टक्के आढळले.

आपणही चष्मा आणि श्रवणयंत्र घरी ठेवू नये. समोर घड्याळ व दिनदर्शिका असावी. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद ठेवावा. डॉक्टरांच्या अनुमतीने पाणी पाजावे, चालवावे. शक्यतो ओळखीचे एकच माणूस जवळ असावे. रुग्ण ‘घरी चला’ म्हणाल्यास वाद घालू नये. हात हाती घेऊन, ‘आपण रुग्णालयात आहोत, मी जवळ आहे,’ असे शांतपणे सांगावे. हात बांधल्याने भीती व धडपड वाढते. झोपेचे औषध स्वतःहून मागू नये.

अनेकांचे मन काही दिवसांत, तर कधी काही आठवड्यांत ताळ्यावर येते. घरी गेल्यावरही गोंधळ उरला, तर पुढील तपासणीत अवश्य सांगावे. आणि त्या रात्री काढलेल्या कठोर शब्दांचा रोष मात्र धरू नये. ते आजाराचे बोल होते.