घरची शाळा कीं घरची वेठ ?

शहरांतील सुखवस्तु घरांतून हल्लीं एक नवी चाल पडूं लागली आहे. तेरा-चौदा वर्षांचें मूल शाळा सोडतें आणि आपला अभ्यास आपणच आखून घरीं करतें. काय वाचावयाचें, केव्हां वाचावयाचें, कोणाकडून शिकावयाचें हें तेंच ठरवितें. आईबाप फक्त सोय करून देतात. मोबाईलवर हें पाहून आमच्या शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलेंही विचारूं लागलीं आहेत कीं, आम्ही घरींच शिकलों तर चालेल काय ? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. आम्ही खडू-फळ्यावर पोट भरणारे आहों, तरी आमचें उत्तर 'चालेल' असेंच आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती अट मुलासाठीं नसून बापासाठीं आहे.

कायद्याची गोष्ट आधीं सांगतों. २००९ सालीं झालेला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेला शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. चौदावें संपलें कीं त्या कायद्याचा हात सुटतो. पुढें शिक्षण टिकवावयाचें कीं बुडवावयाचें, हें घरच ठरवितें. अशा वेळीं घरीं शिकणाऱ्या मुलाला दहावीचीं दोन दारें उघडीं आहेत. एक, आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. निदान पांचवी झालेलें व चौदा वर्षें पुरीं केलेलें मूल हा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसूं शकतें. दुसरें, १९८९ सालीं केंद्र सरकारनें काढलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था. तिच्याही दहावीला वयाची अट चौदाचीच. परीक्षा वर्षांतून दोनदां होते, एकदां घातलेलें नांव पांच वर्षें चालतें, आणि पास झालेला विषय खात्यावर जमा राहतो. ऊसतोडीला किंवा मेंढरांमागें आईबापांबरोबर फिरणाऱ्या मुलांना ही सवड फार मोलाची आहे. बालभारतीचीं पुस्तकेंही मोबाईलवर फुकट उतरवून घेतां येतात. तेव्हां वाट नाहीं असें कोणी म्हणूं नये.

यावर आमचे कांहीं वडीलधारे रागावून विचारतील कीं, जी शाळा एवढ्या कष्टानें मिळविली ती आपण होऊन सोडावी काय ? राग वाजवी आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले यांनीं निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा अशी मागणी केली. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत तें मोफत व सक्तीचें केलें. तो वारसा फुंकून टाकण्याचा नाहीं. पण खुद्द जोतीरावांचें बालपण पाहा. त्यांना शाळेंतून काढून बापाच्या मळ्यांत कामाला लाविलें होतें. काम आटोपल्यावर ते दिव्यापाशीं वाचीत बसत, असें चरित्रकार सांगतात. पुढें गफार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हां १८४१ सालीं ते मिशनच्या शाळेंत गेले. कोवळ्या वयाचा मुलगा आपल्या हिंमतीवर वाचूं शकतो, हें यावरून दिसतेंच. पण नुसत्या हिंमतीवर भागत नाहीं. बापाला दोन गोष्टी सांगणारा शेजारी लागतो, हेंही दिसतें.

आतां धोक्याची बाजू. शहरांतील वकील-डॉक्टरांचें मूल घरीं बसलें तर त्याच्यापुढें पुस्तकांचें कपाट असतें. आमचें मूल घरीं बसलें तर त्याच्यापुढें विळा, वासला, भाता आणि धाकटें भावंड असतें. 'धंदा हेंच खरें शिक्षण' असें गोड बोलणारेही पुष्कळ भेटतात. १९५३ सालीं मद्रास राज्यांत मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनीं खेड्यांतील प्राथमिक शाळांचे तास तीनवर आणले आणि उरलेल्या वेळांत मुलांनीं बापाचा धंदा शिकावा अशी योजना काढली. वरून पाहतां गोष्ट साळसूद. पण कुंभाराचें पोर चाकावर आणि परटाचें पोर घाटावर, हा तिचा अर्थ पेरियार रामस्वामी व त्यांच्या अनुयायांनीं ओळखला आणि रान उठविलें. १९५४ सालीं राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांनीं ती योजना मागें घेतली. जें तेथील ब्राह्मणेतर समाजानें सरकारला करूं दिलें नाहीं, तेंच आपण आपल्या ओसरीवर आपल्या हातानें करावयाचें काय ?

म्हणून आमची अट अशी. पाटाचें पाणी पाळीनें मिळतें. आपली पाळी असली म्हणजे आपण रात्रीं दोन वाजतां उठून दारें धरतों, आणि तें पाणी दुसऱ्यानें वळविलें तर डोकीं फुटतात. मुलाच्या अभ्यासाचे तास हीही पाळीच समजावी. रोजचे चार तास, आणि तेही दिवसाउजेडाचे. राबून गळालेल्या अंगानें रात्रीं उरलेले नव्हेत. खुरपणी असो, गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, ती पाळी कोणीं तोडूं नये. ज्या बापाच्यानें हें होणार नाहीं, त्यानें मुलाला शाळेंतच ठेवावें. शाळा दुसरें कांहीं देवो न देवो, मुलाला पांच-सहा तास कामापासून दूर ठेवते, हेंही आमच्या घरांत लहान देणें नव्हे.

धंद्यांत विद्या नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सुताराच्या मुलाला गुण्यांत भूमिति दिसेल. शेतकऱ्याच्या मुलीला हिशेबपट्टींतील हमाली-तोलाईच्या वजावटींत अंकगणित सांपडेल. पण तिला तो हिशेब करावयास बसवा, नुसतीं पोतीं शिवावयास लावूं नका.

मुलींविषयीं तर दुप्पट सावधगिरी पाहिजे. 'ती घरींच शिकते' हें वाक्य पुष्कळदां 'तिच्यासाठीं स्थळ पाहतों आहों' याचेंच दुसरें नांव असतें. २००६ च्या कायद्यानें अठरा वर्षांआधीं मुलीचें लग्न लावणें गुन्हा आहे. तरी शाळेच्या हजेरीपटावरून नांव गेलें कीं ती दिसेनाशी होते, आणि न दिसणाऱ्या मुलीचें लग्न कोण अडविणार ? घरीं शिकणाऱ्या मुलीनें आठवड्यांतून एक दिवस तरी गांवच्या वाचनालयांत, शिक्षकाकडे किंवा मैत्रिणींच्या अभ्यासमंडळांत गेलेंच पाहिजे.

मुलांनाही दोन शब्द. स्वतः अभ्यास ठरविणें म्हणजे आवडेल तेवढेंच वाचणें नव्हे. जो विषय जड जातो त्याला सकाळचा पहिला तास द्या. आज काय शिकलों हें रोज वहींत चार ओळी लिहा आणि ती वही आठवड्याला एका जाणत्या माणसाला दाखवा. फॉर्म भरण्याची मुदत आधीं पाहून ठेवा. ती परीक्षेच्या कित्येक महिने आधीं संपते, आणि चुकली तर वर्ष जातें. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.

राहिला शेजारी. आपल्या आळींत कोणाचें मूल शाळेंतून निघालें असें कळलें, तर त्याच्या बापाला विचारूं नका. मुलालाच बाजूला घेऊन विचारा कीं, बाबा, शाळा कां सोडलीस? कारण तें स्वतः सांगत असेल, वही दाखवीत असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि आपल्या घरचीं जुनीं पुस्तकें त्याला द्या. तें खालीं मान घालून बापाकडे पाहत असेल, तर मात्र चावडीवर गप्प बसूं नका. मुन्शी आणि लिजीट साहेब यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, तशी त्या बापाची घाला. तेवढें बोलावयास पैसा लागत नाहीं.