निकालाच्या फलकावर नसलेली मुले

दहावीचा निकाल लागला की शाळाशाळांच्या फाटकावर फलक झळकतात. 'आमच्या शाळेचा निकाल १०० टक्के!' गुणवंतांचे फोटो लागतात, पेढे वाटले जातात. पण नववीत नापास करून घरी बसवलेली आणि '१७ नंबरचा फॉर्म भर' असे सांगून बाहेरून परीक्षेला बसवलेली मुले त्या फलकावर कुठेच नसतात. ती बहुतेक कोणत्या वस्तीतली असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. हा खेळ केवळ आपल्याकडेच चालतो असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजापुढेही तो उभा आहे. त्यांचा अनुभव आपण समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेत 'चार्टर शाळा' नावाचा प्रकार आहे. पैसा सरकारचा, कारभार मात्र खासगी मंडळाचा. विद्यार्थ्याकडून फी घेतली जात नाही आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढली जाते. १९९१ साली मिनेसोटा राज्याने याचा पहिला कायदा केला. पुढे हे लोण देशभर पसरले. मोठ्या शहरांतील या शाळांत कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषिक गरीब घरांतील मुलेच बहुसंख्येने आहेत.

न्यूयॉर्कचे उदाहरण घेऊ. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती आहे. तेथे २००६ साली 'सक्सेस अकॅडमी' ही चार्टर शाळा सुरू झाली आणि तिच्या शाखा शहरभर वाढल्या. २०१४ च्या राज्य परीक्षेत या शाळांतील ९४ टक्के मुले गणितात उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी सबंध शहरात हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होते.

हा निकाल आम्ही हलका लेखत नाही. 'काळ्यांना गणित येत नाही' म्हणणाऱ्या गोऱ्या वर्णवाद्यांच्या आणि 'आरक्षणवाल्यांकडे गुणवत्ता नाही' म्हणणाऱ्या आपल्याकडील मनुवाद्यांच्या तोंडावर ही सणसणीत चपराक आहे. शिकवणारा हवा, पुस्तक हवे, विश्वास हवा. मग हार्लेमचे पोर काय आणि रमाबाई नगरचे पोर काय, कोणाच्याही मागे राहत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' या केंद्राने २०२३ मध्ये देशभरच्या चार्टर शाळांचा अहवाल दिला. त्यातही गरीब कृष्णवर्णीय मुलांची प्रगती नेहमीच्या सरकारी शाळांतील तशाच मुलांपेक्षा अधिक दिसली.

पण निकालाच्या टक्क्यांबरोबर पटही वाचावा लागतो. सक्सेस अकॅडमीत २००६ साली पहिलीच्या वर्गात ७३ मुले होती. २०१८ साली तिची पहिली तुकडी बारावी होऊन बाहेर पडली, तेव्हा तिच्यात १६ मुले होती! कोणी घर बदलले असेल, कोणी एकाच वर्गात पुन्हा बसवले गेले असेल. गळलेले प्रत्येक मूल हाकललेलेच होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याच संस्थेच्या ब्रुकलिनमधील एका शाळेतील १६ मुलांची यादी उजेडात आणली. यादीचे शीर्षकच होते, यांना जावे लागेल! ती यादी चूक होती, असे संस्थेच्या प्रमुखांनाही मान्य करावे लागले. शिवाय चौथीनंतर रिकाम्या झालेल्या जागा ही संस्था नव्या मुलांनी भरत नसे. शेजारच्या सरकारी शाळेला ही चैन परवडत नाही. बेघर निवाऱ्यातून आलेले, इंग्रजीचा गंध नसलेले, अपंगत्व असलेले असे प्रत्येक मूल तिला वर्षाच्या मध्यातही घ्यावे लागते. मग या दोन शाळांच्या टक्क्यांची तुलना न्याय्य कशी?

कृष्णवर्णीयांची १९०९ पासूनची संघटना 'एनएएसीपी' हिने ऑक्टोबर २०१६ मध्ये नव्या चार्टर शाळांना स्थगिती द्या, अशी मागणी केली. सरकारी शाळांइतकीच पारदर्शकता पाळा, सरकारी शाळांचा पैसा पळवू नका, मुलांना काढून टाकू नका, हुशार मुले वेगळी काढू नका, अशा तिच्या अटी होत्या. या भूमिकेवर खुद्द कृष्णवर्णीय पालकांतही मतभेद झाले. आपले पोर आज शिकले पाहिजे, ही त्या आईबापांची घाई आम्हाला कळते. पण एका पोराला वाट मिळते तेव्हा बाकीच्यांचे काय, हे चळवळीने विचारलेच पाहिजे.

बाबासाहेबांनी तेच विचारले होते. मार्च १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या काही दिवस आधी, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांनी पोहोचलेल्या अठरांचे कौतुक करून भाषण संपवले नाही. गळालेल्या ब्याऐंशींचा हिशेब मागितला.

महाराष्ट्रात आज तोच हिशेब मागण्याची वेळ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून मोकळे केले होते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला, म्हणून वंचितांच्या मुलांचे दार उघडे राहिले. पण दारातून आत गेलेले मूल दहावीपर्यंत टिकले का, हे कोण पाहणार? यू-डायसवर शाळा दरवर्षी प्रवर्गनिहाय पट भरतात. मग निकालाच्या फलकावर तो का नको?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने निकालाच्या टक्क्यांशेजारी तीन आकडे लिहावेत: पाचवीत किती मुले होती, त्यातील दहावीच्या परीक्षेला शाळेतून किती बसली आणि मधल्या काळात कोणत्या प्रवर्गातील किती मुलांचे दाखले निघाले. आपल्या कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसून हे आकडे मागावेत, न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. फलकावर नसलेली मुले आपली आहेत. त्यांची मोजणी आपण केली नाही, तर दुसरे कोणी करणार नाही.