चूर्णनयंत्राची निवड : विश्लेषणाची पहिली पायरी

कोळशाचे परीक्षण करणारी प्रयोगशाळा उभारावयाची झाली म्हणजे प्रथम विचार होतो तो कॅलरीमापकाचा, तराजूचा आणि भट्टीचा. त्यांची माहितीपत्रके मागविली जातात, अचूकतेची तुलना होते आणि निधीचा मोठा भाग त्यांवर खर्च पडतो. कोळसा फोडण्याचे व दळण्याचे यंत्र मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, मिळेल ते घेतले जाते. हा क्रम उलटा असावयास हवा. चूर्णनयंत्र हे केवळ अंगमेहनत वाचविणारे साधन नव्हे. ती विश्लेषणाची पहिली पायरी आहे, आणि तेथे झालेली चूक पुढील कोणतेही उपकरण दुरुस्त करू शकत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यास एक साधे प्रमाण पुरे आहे. मालगाडीच्या एका रेकमधून साधारणतः ३५०० ते ४००० टन कोळसा जातो. उष्णतामूल्य ठरविताना कॅलरीमापकात जळतो तो सुमारे १ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ ४०० कोटी ग्रॅमांच्या वतीने एका ग्रॅमाने साक्ष द्यावयाची असते. भारतात १ जानेवारी २०१२ पासून कोळशाची प्रतवारी एकूण उष्णतामूल्यावरून होऊ लागली. दोन लगतच्या प्रतींमध्ये किलोग्रॅममागे ३०० किलोकॅलरींचे अंतर ठेवण्यात आले. सीमेजवळच्या कोळशाच्या बाबतीत लहानशी चूकही प्रत बदलण्यास पुरेशी होते, आणि प्रतीबरोबर साऱ्या रेकची किंमत बदलते. खाण आणि वीजकेंद्र यांच्यातील वादात ज्या आकड्याचा आधार घेतला जातो, त्याचा जन्म कॅलरीमापकात नव्हे, तर चूर्णनयंत्राच्या जबड्यात होतो.

भारतीय कोळशात राख पुष्कळ असते. कोळसा स्वतः ठिसूळ, परंतु त्याच्यात मिसळलेले शेलचे व वालुकाश्माचे तुकडे कठीण असतात. दुर्बळ यंत्रात कोळसा लवकर दळला जातो आणि दगडाचे कण मागे राहतात. राखेच्या परीक्षणासाठी कोळसा २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जावा लागतो. चाळणीवर उरलेले हे चार खडे कामगाराने कंटाळून टाकून दिले, की नमुन्यातील राख कागदावर कमी होते आणि उष्णतामूल्य वाढते. यास्तव यंत्राची शक्ती कोळशावरून नव्हे, तर त्यातील दगडावरून ठरवावी, आणि घेतलेला सर्व भाग चाळणीतून गेल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये.

तथापि केवळ शक्तीकडे पाहूनही भागत नाही. वेगाने फिरणाऱ्या हातोड्यांची चक्की कोळसा त्वरेने बारीक करते. परंतु तिच्यात वारा खेळतो आणि उष्णता निर्माण होते. दोहोंमुळे कोळशातील ओलावा उडून जातो. यंत्र नीट बंद नसेल तर अतिसूक्ष्म धूळही बाहेर पडते, आणि ही धूळ व उरलेला कोळसा यांची घडण एकसारखी असतेच असे नाही. म्हणून एकूण ओलाव्यासाठीचा भाग जाडसर असतानाच वेगळा काढावा, आणि त्यासाठी संथ गतीचे जबड्याचे क्रशर वापरावे. बारीक दळण्याची पाळी त्यानंतरची.

एकच यंत्र घेऊन सर्व कामे उरकण्याचा मोह अनेकांना होतो. पण ५० मिलिमीटरच्या ढेकळापासून २१२ मायक्रॉनच्या कणापर्यंत आकार दोनशेहून अधिक पटींनी घटवावा लागतो. हे काम टप्प्याटप्प्यानेच व्हावयाचे : आधी जबड्याचे क्रशर, मग रोलर, शेवटी बारीक दळणारी चक्की. प्रत्येक टप्प्यानंतर नमुन्याचे वाटे करून एक वाटा पुढे न्यावयाचा. फ्रान्सचे पियेर जी यांनी नमुना घेण्याच्या शास्त्रात दाखवून दिले, की नमुन्यातील अनिश्चितता सर्वांत मोठ्या दाण्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. दाणा निम्मा केला, तर तेवढ्याच विश्वासार्हतेसाठी सुमारे एक-अष्टमांश वजन पुरते. उलट, दाणे मोठे असतानाच ढीग लहान केला, तर पुढे तो कितीही बारीक दळला तरी गेलेली विश्वासार्हता परत येत नाही.

कोळशासाठी योग्य ठरलेले यंत्र अन्य कामास योग्य ठरेलच असे नाही. खडकातील अल्पांश मूलद्रव्ये मोजावयाची असतील, तर यंत्राची झीज हाच मोठा शत्रू होतो. पोलाद नमुन्यात लोह आणि क्रोमियम सोडते. टंगस्टन कार्बाइड टंगस्टन व कोबाल्ट सोडते. अकीकाचा खल मुख्यतः सिलिका तेवढी देतो, पण तो संथ आणि महाग असतो. सोन्याच्या धातुकात तर आणखी निराळी अडचण आहे. सोने फुटत नाही, चपटे होते, यंत्राच्या पृष्ठभागास चिकटते आणि पुढच्या नमुन्यात उतरते. तेव्हा उत्तम यंत्र कोणते, असे विचारण्यापूर्वी नमुन्यास कोणता प्रश्न विचारावयाचा आहे, हे ठरविले पाहिजे.

यावर असे म्हटले जाईल, की दिवसाकाठी शेकडो नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेस हा खर्च आणि विलंब परवडणार नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही, वेगाचीही गरज असतेच. परंतु संशयास्पद आकडे त्वरेने मिळविण्यात काटकसर कसली? कॅलरीमापक थोडा साधा घेऊन वाचलेल्या पैशांत दुसरे यंत्र घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय. खरेदीपूर्वी एक सोपी कसोटी लावता येते. एकाच कोळशाचे काळजीपूर्वक दोन सारखे वाटे करावेत. एक संथ यंत्रात व दुसरा विक्रेत्याच्या वेगवान यंत्रात दळावा, आणि दोहोंतील ओलावा, राख व वजनाची घट ताडून पाहावी. हा प्रयोग चार-पाच वेळा केला, की यंत्राची खरी योग्यता उघड होते. यंत्राचा आतील भाग उघडून झाडून काढण्यास किती मिनिटे लागतात, हेही घड्याळ लावून पाहावे. जे यंत्र स्वच्छ करणे कठीण, ते कोणी स्वच्छ करीत नाही, आणि मग आजच्या नमुन्यात कालचा नमुना बोलू लागतो.