खोली सजली, पण कोणासाठी?

दत्तक मूल घेण्यासाठी नाव नोंदवले की सामाजिक कार्यकर्ती गृहभेटीला येते. उत्पन्न, प्रकृती, नवरा-बायकोचा स्वभाव आणि मूल कुठे झोपणार, कुठे अभ्यास करणार, हे सारे पाहून ती अहवाल लिहिते. त्यासाठी आपण खोलीला रंग देतो, नवा पलंग आणतो, भिंतीवर चित्रे लावतो. घराची तयारी अशी डोळ्यांत भरते. मनाची तयारी मात्र अहवालात सहज लपून जाते, आणि आपला समाज ती लपवण्यात तरबेज आहे.

आपल्याला मूल हवे असते ते तान्हे, निरोगी आणि शक्यतो गोरे. शेजारीपाजारी विचारतात, "कोणत्या जातीचं असेल हो?" घरातले ज्येष्ठ म्हणतात, "रक्त कोणाचं, कोण जाणे." म्हणूनच बाळांसाठी पालक वर्षानुवर्षे रांगेत उभे राहतात, आणि त्याच वेळी सहा, आठ, दहा वर्षांची मुले बालगृहात पालकांची वाट पाहत मोठी होतात. अपंग मुलांकडे तर आपण वळूनही पाहत नाही. आपल्या पसंतीत न बसणाऱ्या मुलाला जागा द्यायची आपली तयारी नाही, एवढेच खरे.

ही वृत्ती जुनी आहे. दत्तक घ्यायचा तो वंश चालवायला आणि पिंड द्यायला, म्हणून मुलगाच घ्यायचा, तोही शक्यतो भाऊबंदांतला, ही आपली रीत. 1956 च्या कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट सर्व हिंदूंना मोकळी करून दिली. तरी 'नाव कोण चालवणार?' हा प्रश्न आपल्या घरांतून गेलेला नाही.

याच महाराष्ट्रात 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी त्यांनी आसरा दिला. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी स्वतःचा मुलगा केले. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे (विस्तवाचे मडके) धरण्याच्या त्याच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. वाढवलेल्या मुलापेक्षा रक्ताचे नाते थोर मानणाऱ्यांना त्या बाईंनी भर रस्त्यात उत्तर दिले. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि घरी मात्र त्या भाऊबंदांचीच भाषा बोलतो.

या भाषेची किंमत मुले मोजतात. घरी आणलेली काही मुले परत संस्थेत पाठवली जातात, आणि हा घाव मोठ्या वयाच्या मुलांना जास्त सोसावा लागतो. कारणे काय? 'आमच्यात रुळला नाही', 'खोटं बोलतो', 'खाणं लपवून ठेवतो'. ज्याला उद्याच्या जेवणाची खात्री कधी मिळालीच नाही, तो पोळी उशाखाली ठेवणार नाही तर काय करणार? हा त्याचा दोष ठरवून त्याला परत नेऊन सोडणाऱ्या मोठ्या माणसांना मी निर्दय म्हणतो. दुसरा सौम्य शब्द माझ्याजवळ नाही.

मुलासाठी खोली करायचीच असेल, तर त्या मुलाकडे पाहून करा. दहा-वीस मुलांच्या रांगेत झोपलेल्याला एकट्याच्या खोलीत रात्री भीती वाटते. सुरुवातीला त्याची गादी तुमच्या खोलीत पडली तर काही बिघडत नाही. रात्री मंद दिवा राहू द्या. हाताशी खाऊचा डबा ठेवा आणि तो रिकामा होऊ देऊ नका. एक कपाट फक्त त्याचे असू द्या. ते न विचारता उघडू नका. संस्थेतून आणलेले जुने खेळणे, फाटका शर्ट, मित्रांचे फोटो फेकू नका, तेवढीच त्याची जमापुंजी असते. चादरीचा रंग त्याला निवडू द्या. त्याचे नाव बदलायची घाई करू नका. आणि तो दत्तक आहे हे त्याला तुमच्याच तोंडून, लहान वयातच कळू द्या. लग्नाच्या मांडवात एखाद्या नातेवाइकाकडून कळले, तर तुमच्या प्रत्येक शब्दावरचा त्याचा विश्वास उडेल.

पाच वर्षांवरील मुलाची संमती घ्यावी, असे नियम सांगतात. ज्याला कायदा विचारतो, त्याला आपण घरात विचारत नाही, ही आपली शरम आहे. घर मुलाला पसंत पडले पाहिजे, ही गोष्ट आपल्या डोक्यातच येत नाही.

म्हणून नाव नोंदवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, समोर बसवून विचारा: येणाऱ्या मुलाची जात, रंग, रक्त पुन्हा कधी काढणार नाही ना? एकाचेही उत्तर डळमळीत असेल, तर आधी त्या माणसाशी भांडा, त्याला पटवा. भिंतींच्या रंगाची घाई नाही.