एकविसाव्या दिवसाची रूढी

घरच्या द्राक्षारसाबाबत आपल्या कुटुंबांत एक रूढी धर्माज्ञेसारखी पाळली जाते: एकवीस दिवस झाले, बुडबुडे थांबले, की गाळा आणि बाटल्या भरा. आम्हांस ही रूढी अमान्य आहे.

द्राक्षारस दिनदर्शिका पाहून तयार होत नाही. साखरेचे मद्यार्कात व वायूत रूपांतर करणारे किण्व सजीव असते, हे लुई पाश्चर यांनी 1860 मध्ये सप्रमाण मांडले. वाशीम जिल्ह्यात नाताळच्या सुमारास रात्री गारठा पडतो, किण्व निपचित पडते आणि आपण त्या झोपेलाच शेवट मानतो. मार्चचे ऊन तापले, की उरलेल्या साखरेवर ते पुन्हा कामास लागते. कोंडलेला वायू मग बूच उडवतो, प्रसंगी काचही फोडतो. नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दृष्टान्त ऐकत वाढलेल्यांना हे निराळे सांगावे काय?

खरी कसोटी हायड्रोमीटरची. पाण्यात तो 1.000 दाखवतो, साखर संपलेल्या रसात साधारण 0.990 ते 0.998. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हेच माप कायम राहिले, तरच काम संपले. ते 1.020 वर अडले असेल, तर ती स्थिरता फसवी समजावी. बरणी उबेत ठेवावी, झाकण घट्ट लावू नये.

‘आजी कुठे मोजत होती?’ असे विचारले जाईल. आजी मोजत नव्हती, पण चाखत होती, थांबत होती. आपण तिचे एकवीस दिवस उचलले आणि तिचा धीर मात्र टाकून दिला. ज्या घरात मुले वावरतात, तेथे ही घाई अक्षम्य आहे.