विकाऊ ट्रक आणि विप्रलंभ

अमेरिकेतील कंट्री संगीतात ट्रक हे केवळ वाहन नसते. गमावलेल्या प्रेमाची खूण होऊन राहिलेला ट्रक नायक विकायला काढतो, अशा प्रसंगावरील गीत आपले अभ्यासक बाजारू भावविवशता म्हणून बाजूला सारतील. हा निवाडा घाईचा आहे, असे मला वाटते.

भरताने विप्रलंभ आणि करुण यांतील भेद नेमका सांगितला आहे : विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. एकात पुनर्भेटीची आशा असते; दुसऱ्यात ती मावळलेली असते. ट्रक दारात उभा आहे तोवर प्रिया परतण्याची शक्यताही उभी असते. तो विकणे म्हणजे आशेचा आधार आपल्याच हाताने मोडणे. प्रिया हयात असूनही गीत करुणाच्या उंबरठ्याशी येते, ते या एका व्यवहारामुळे.

याची उलट बाजू ली ब्राइस या गायकाच्या ‘आय ड्राइव्ह युअर ट्रक’ (२०१२) या गीतात दिसते. युद्धात मुलगा गमावलेल्या एका पित्याच्या नभोवाणी-मुलाखतीतून ते सुचले. येथे माणूस परतणे अशक्य. तरी ट्रक विकला जात नाही, चालवला जातो. आशेला जागा असते तेथे वस्तूचा त्याग आणि आशा संपते तेथे तिचा सांभाळ, हा विपर्यास भरताच्या भेदात सहज सामावत नाही.

म्हणूनच रससिद्धान्त केवळ संस्कृत काव्यासाठी राखून न ठेवता अशा गीतांवर घासून पाहावा. त्यात कसोटी गीताची लागेल, तशीच सिद्धान्ताचीही.