‘सुळी देणे’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि एक गैरसमज

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आज बहुधा याच रूपात छापली जाते. तिचे जुने रूप ‘चोर सोडून संन्याशास सुळीं देणें’ असे आहे. एका शब्दाच्या जागी समानार्थी शब्द आला, एवढाच या बदलाचा अर्थ लावणे मात्र योग्य नव्हे.

संस्कृत ‘शूल’, प्राकृत ‘सूल’ या क्रमाने मराठी ‘सूळ’ हे पुल्लिंगी नाम सिद्ध होते. ‘फाशी’चा संबंध ‘पाश’ या शब्दाशी आहे. सुळाच्या शिक्षेत अणकुचीदार खांब देहात शिरतो, तर फाशीत दोरी गळ्याभोवती आवळली जाते. सुळाची अणकुची ‘सुळा’ आणि ‘सुळका’ या शब्दांत, तर त्याची वेदना ‘पोटशूळ’ या शब्दात आजही जाणवते.

‘सुळी’ या रूपाचाही विचार व्हावयास हवा. ‘घरीं’, ‘दारीं’ यांप्रमाणे ‘सुळीं’ हे सप्तम्यंत रूप असून ‘सुळावर’ हाच त्याचा अर्थ होय. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार लोपला आणि हे रूप स्त्रीलिंगी नामासारखे भासू लागले. हिंदीतील ‘सूली’ या स्त्रीलिंगी नामाने त्यास हातभार लावला असावा. ‘सुळीवर चढविले’ ही रचना त्यातूनच आलेली दिसते. ‘सुळावरची पोळी’ या वाक्प्रचारात मात्र मूळ नाम टिकून आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत देहान्तशासनासाठी गळफासाची तरतूद होती. १९७३ ची संहिता आणि २०२३ ची नागरिक सुरक्षा संहिता यांनीही तीच कायम ठेवली. त्यामुळे बोलीत ‘फाशी’ रूढ व्हावी हे स्वाभाविकच आहे, व त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जुन्या ग्रंथांच्या संपादनाचा आणि अध्यापनाचा. तळटीपेत ‘सुळी देणे = फाशी देणे’ असे लिहिले की विद्यार्थ्याच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्याची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चोर आश्रमात लपतात, मौनव्रती ऋषी राजपुरुषांना उत्तर देत नाही आणि त्याला सुळावर दिले जाते. तो मरत नाही. सूळ निघेना म्हणून बुडाशी कापला जातो, आणि देहात राहिलेल्या अणीमुळे तो ‘अणीमांडव्य’ ठरतो. येथे सुळाऐवजी फास कल्पिला तर नावाचा उलगडाच होत नाही. हीच कथा म्हणीचे मूळ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. कारण कथेत चोर सुटत नाहीत. त्यांनाही तीच शिक्षा होते. साम्य आहे ते निरपराध तपस्व्यास झालेल्या दंडाचे.

म्हणीतील अन्याय ‘फाशी’नेही कळतो. परंतु निरपराधाच्या देहात रुतून राहणारा अन्याय ‘सूळ’ हाच शब्द दाखवितो. म्हणून म्हणींच्या संग्रहात जुने रूप प्रथम द्यावे आणि जुन्या ग्रंथांच्या टीपांत सुळाचा अर्थ सूळ असाच सांगावा.